एकशेवीस डाव्या बाह्या

कारखान्यात तिला सगळे कटरबाई म्हणत. खरं नाव हजेरीच्या वहीत होतं, पण त्या नावाने कुणी हाक मारली असती तर तिनं मागे वळूनही पाहिलं नसतं. गणवेशांचा कारखाना, तीस शिलाई मशिनं, आणि एका टोकाला कटिंगचं लांबलचक टेबल. त्या टेबलाची ती मालकीणच. साठ थरांचं कापड एकावर एक अंथरलेलं, वर खडूने आखलेलं, आणि त्यातून विजेची उभी सुरी फिरवायची. सुरी फिरली की फिरली. शिलाई उसवता येते, पण कापलेलं कापड कुणाच्या बापाला जोडता येत नाही. बारा वर्षांत तिच्या हातून वीतभर कापड वाया गेलं नव्हतं. मास्तर नव्या पोरींना सांगत, "शिकायचं तर हिच्याकडून शिका. बाईच्या डोक्यातच मोजपट्टी आहे."

आणि ह्या बाईला सातव्या महिन्यात स्वतःच्या चपला ओळखू येईनात! एक दिवस एका पायात स्वतःची आणि दुसऱ्या पायात नवऱ्याची चप्पल घालून ती कामावर आली. दूध उतू जायचं, तेही ती समोर उभी राहून बघत असताना. किल्ली हातात धरून घरभर किल्ली शोधायची. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय! नवरा बसच्या डेपोत मेकॅनिक, स्वभावाने गमत्या. त्याने तिच्या मोबाइलवर चार-पाच गजर लावून दिले. गजर वाजायचा, आणि तो कशासाठी लावलाय तेच तिला आठवायचं नाही.

"अगं, मला तरी ओळखतेस ना?" तो म्हणाला.

इथे हसायला हवं हे तिला कळलं, म्हणून ती हसली.

लोक म्हणायचे, दिवस गेले की बाई जरा विसरभोळी होतेच. होते, खोटं कशाला बोला! पण हिच्या विसरण्याला आणखी एक अस्तर होतं. दोन वर्षांपूर्वी, पहिल्या खेपेला, तिनं दुसऱ्याच महिन्यात कारखानाभर सांगून टाकलं होतं. उरलेल्या मऊ कापडाची चार झबली शिवून कपाटात ठेवली होती. चौथ्या महिन्यात सगळं संपलं. आठ दिवसांनी ती टेबलापाशी परत उभी राहिली आणि त्याबद्दल कुणाजवळ अवाक्षर काढलं नाही. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितं म्हणतात. हिनं या खेपेला पेलाच हातात घेतला नव्हता. ना आनंद, ना काळजी. कुणी विचारलं, "कसं वाटतंय?" तर म्हणायची, "ठीक." आणि आत खरोखरच ठीकपलीकडे काही नव्हतं.

डॉक्टरीणबाईंनी तिला एकच काम दिलं होतं. पोटातली हालचाल रोज मोजायची. संध्याकाळपर्यंत दहा लाथा भरल्या नाहीत, किंवा हालचाल कमी वाटली, तर उद्याची वाट बघायची नाही, तडक दवाखान्यात यायचं. साठ थर नुसत्या बोटाने मोजणारी बाई ती, तिला दहा काय जड! तिनं टेबलाच्या कडेवर खडूने रेघा ओढायला सुरुवात केली. एक लाथ, एक रेघ. समोरच्या बाजूला उभी राहून कापडाचे थर अंथरणारी आत्या त्या रेघांकडे बघून म्हणायची, "पोरगं आहे की धोबी? किती आपटतंय!" आत्या नक्की कुणाची आत्या हे तिलाही सांगता आलं नसतं, पण तीन पोरं वाढवलेली बाई होती आणि तिची जीभ तीस मशिनांना भारी होती.

त्या दिवशी जेवणाची सुट्टी संपली आणि मास्तर हातात दोन बाह्या नाचवत आले. रखवालदारांच्या कोटांची ऑर्डर होती. जाड कापड, एक बाजू सुलट, एक उलट. अशा कापडावर एक बाही आखली की नमुना पालथा घालून दुसरी आखायची, म्हणजे एक डावी होते आणि एक उजवी. हे शेंबड्या पोरालाही कळतं. कटरबाईने नमुना पालथा घातलाच नव्हता. थर साठ, बाह्या एकशेवीस, आणि एकूण एक डाव्या.

"रखवालदारांना काय दोन्ही हात डावेच असतात का हो?" मास्तर कडाडले. एकेक मशीन थांबत गेलं. "बोला की आता! बारा वर्षं डोळे झाकून भरवसा ठेवला तुमच्यावर! उद्या मालक आले की काय दाखवू त्यांना, माझं कपाळ?"

कटरबाई लाज वाटायची वाट बघत उभी राहिली. लाज काही आली नाही. मास्तरांचा आवाज शेजारच्या घरातलं भांडण ऐकू यावं तसा येत होता. तिनं मान खाली घातली, तेव्हा तिला टेबलाची कड दिसली. कडेवर एकही रेघ नव्हती.

सकाळी हललं होतं का? तिला आठवेना. काल? कालच्या रेघा पुसल्या होत्या, की ओढल्याच नव्हत्या? बाळ हललं आणि ती रेघ ओढायची विसरली, की बाळ हललंच नाही? नमुना पालथा घालायला विसरलेल्या बाईच्या आठवणीवर आता भरवसा ठेवायचा कुणी?

"मास्तर, मला दवाखान्यात जायचंय."

"वा! चूक निघाली की लगेच दवाखाना!"

"बाळ कधी हललं होतं ते मला आठवत नाही."

दोरा संपलाय हे सांगावं तशा आवाजात तिनं ते सांगितलं. मास्तरांच्या हातातल्या बाह्या खाली आल्या. "मग उभ्या काय राहिलात, बाई? आत्या, जा हिच्याबरोबर! अरे, गाडी बोलवा कुणीतरी!"

गाडीत आत्याच्या तोंडाचा पट्टा सुरू होता. "झोपलं असेल गं. माझा मधला असाच आळशी, आजही लोळतोय." कटरबाई खिडकीबाहेर बघत होती. त्या बाह्यांमधून निदान खिशांच्या पट्ट्या तरी निघतील, असं तिच्या मनात आलं. अशा वेळी असलं मनात येतं याचं तिला वाईटही वाटलं नाही.

दवाखान्यात नर्सने तिला पलंगावर टेकून बसवलं, पोटावर दोन पट्टे बांधले आणि शेजारचं यंत्र सुरू केलं. आधी नुसती खरखर. मग धबधब, धबधब, घाईघाईचे ठोके. आत्या मटकन स्टुलावर बसली आणि डोळे पुसायला लागली. कटरबाईच्या मनात आलं, बरं, आहे.

"ठोके छान आहेत, ताई," नर्स म्हणाली. तिनं वायरला जोडलेलं एक बटण कटरबाईच्या हातात दिलं. "आता हललेलं कळलं की हे दाबायचं. वीस मिनिटं बसा निवांत."

ती बसली. यंत्रातून कागदाची पट्टी सरकत होती. नर्स काहीतरी लिहीत होती, लिहिता लिहिता तिनं वर पाहिलं.

"ताई, दाबा ना बटण."

"कशाला?"

"आत्ता हललं की! पट्टा वर उचलला गेला, मला इथून दिसलं."

"मला नाही कळलं."

पोटाची डावी बाजू पुन्हा उचलली गेली. ह्या वेळी आत्यालाही दिसलं.

"आता?" नर्सने विचारलं.

"नाही."

नर्सने पेन खाली ठेवलं. "ताई, मगापासून हे मूल चार वेळा हललंय."

म्हणजे ती विसरत नव्हती. निदान हे तरी विसरत नव्हती. मूल अजूनही रोज दार वाजवत होतं आणि आताशा ही घरात असून ओ देत नव्हती. नर्सने तिला काही शिकवलं नाही, बोल लावला नाही. तिचा मोकळा हात उचलून पोटावर डाव्या बाजूला दाबून धरला आणि म्हणाली, "डोळे मिटा. दुसरं काही करू नका."

बराच वेळ काही झालं नाही. मग तळव्याखाली एक टाच फिरली. लहान, टणक, चांगलीच जोरकस.

कटरबाईने बटण दाबलं. आणि तिला भीती वाटली. सात महिन्यांत पहिल्यांदा, पायाच्या नखापासून भीती वाटली.

"आत्या, मला भीती वाटतेय गं."

"अगं वेडे, आता कसली भीती? सगळं ठीक आहे म्हणतायत ना त्या!"

"हेही गेलं तर मी काय करू?"

दोन वर्षांत ती त्याविषयी पहिल्यांदाच बोलली, आणि बोलता बोलता तिला हुंदका आवरेना. आत्याने स्टूल पलंगाजवळ ओढलं आणि कटरबाईचा पोटावरचा हात आपल्या हाताखाली धरून ठेवला. कटरबाई रडत होती आणि दुसऱ्या हाताने बटण दाबत होती.