गिरणीचा कौल

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. आणि आज सांगतोय ते मन हलकं करायला — असं समजू नका. मन जड असलंच तर ते माझं मी बघेन.

साठचं दशक संपत आलं होतं. भाईंदर पूर्वेला, खारी गावाच्या कडेला आम्ही दोघे भाऊ राहायचो — दादा आणि मी. मूळ गाव रत्नागिरीकडचं. दोघेही नोकरीला कंटाळलेले. वडिलांच्या मागे थोडी पुंजी हाती आली होती. एक धंदा होईल एवढी, दोन नाहीत. दादाला पिठाची गिरणी घालायची होती. नव्या चाळी उठत होत्या, बायका डोक्यावर दळण घेऊन लांब चालत जायच्या. मला कोंबड्या पाळायच्या होत्या. शहाण्याने कुणाचं ऐकलं असतं? दादाचंच. हे मला तेव्हाही कळत होतं. पण गिरणी म्हणजे गल्ल्यावर दादा आणि पिठात मी — जन्मभर! कोंबड्यांचं मात्र मला एकट्याला कळत होतं. म्हणजे काय, तर एका प्रदर्शनात पांढऱ्या विलायती कोंबड्या पाहिल्या होत्या आणि एक पुस्तिका वाचली होती. हसायचं तर हसा.

वाद मिटेना तेव्हा दादा म्हणाला, "देवालाच विचारू. मला रजा नाही, तू गावी जाऊन कौल लावून ये."

आमच्याकडे देवाच्या अंगावर उजवीकडे-डावीकडे ओल्या कळ्या चिकटवतात आणि गुरव गाऱ्हाणं घालतो. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. मी गेलो. न जाताच काहीतरी सांगितलं असतं तरी कुणाला कळणार होतं? पण गेलो — कारण देव माझ्याच बाजूने बोलणार याची मला खात्री होती. गुरवाने गिरणीचं विचारलं. उजवी कळी टपकन पडली. मग कोंबड्यांचं विचारलं. डावी.

तुम्ही काय केलं असतं?

मी घरी आलो आणि चपला काढायच्या आधी सांगून टाकलं — गिरणीला डावा, कोंबड्यांना उजवा. दादाने गावाच्या दिशेने हात जोडले. मग म्हणाला, "बरं झालं, सुटलो. चल, जागा बघू." गुरवाकडून कधी काही फुटलं नाही. दिवसाला इतक्यांचे कौल लावणाऱ्याला आमचं काय आठवणार?

धंदा चालला. हे मी मुद्दाम सांगतोय. दुसऱ्या वर्षी मानमोडीची साथ आली, अर्ध्या कोंबड्या माना टाकून मेल्या, आणि मी — हा एवढा तज्ज्ञ — गाशा गुंडाळायला निघालो होतो. दादाला तो वास सोसायचा नाही, घास उतरायचा नाही. त्यानेच नाकाला फडकं बांधून सगळ्या पुरल्या. "उजवा दिलाय त्याने, टिकेल," म्हणाला. आणि टिकलं. माझ्या खोट्यावर टिकलं! मग खोटं वाईट कसं? — विचारलंय मी स्वतःला, पुष्कळदा. उत्तर आवडलं नाही, म्हणून विचारणं सोडलं.

पुढे बरे दिवस आले. तोवर नाक्यावर दुसऱ्याच कुणी गिरणी घातली होती. घरचं दळण न्यायचं काम दादाने स्वतःकडे घेतलं होतं. आपला नंबर लागला की मागच्या बाईला पुढे करायचा, आणि आपलं दळून झाल्यावरही गरम पिठाच्या डब्यात हात घालून उभा राहायचा. एकदा मी म्हटलं, "दादा, आता घाल की गिरणी. घोडबंदरकडे जागा मिळतेय."

तो माझ्याकडे बघतच राहिला. "एकदा नाही म्हटलंय ना त्याने? देवाला परत परत विचारायचं नसतं रे."

एक वाक्य बोलायचं होतं. आम्ही दोघेच होतो. मी म्हटलं, "तेही खरंच," आणि कोंबड्यांना पाणी द्यायला गेलो.

दर शिमग्याला दादा गावी जाऊन देवाला नारळ द्यायचा. शेवटच्या खेपेला मी सोबत होतो. हात जोडून तो मोठ्याने म्हणाला, "गिरणीच्या नादातून वाचवलंस बाबा." त्याचे डोळे भरले होते. नारळ मीच फोडला. नीट दोन शकलं झाली. खोबऱ्याचा तुकडा मी दादाच्या हातावर ठेवला, आणि त्याने तो कपाळाला लावून खाल्ला.