चौक्याच्या घाटात थांबलेली गाडी

राजकुमार हिवराळे गेला तो जालना रोडवर, भर दुपारी, गाडी चालवता चालवता. छातीत कळ आली तशी त्यानं पिकअप कडेला घेतली, गिअरचा दांडा पार्किंगवर टाकला, हँडब्रेक ओढला आणि मग मान टाकली. गाडीला साधा ओरखडासुद्धा नाही, असं उस्मानपुऱ्यातल्या घरी जो येईल तो सांगायचा. त्याची बायको करुणा ऐकून मान हलवायची. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला आलेल्या बायका तिला जवळ घ्यायच्या आणि आता ही रडेल म्हणून वाट बघायच्या. ती उठून सगळ्यांना चहा विचारायची.

गाडी करमाडच्या काकासाहेबांची. मंडपाचं सामान आणि जनरेटर भाड्यानं द्यायचा त्यांचा धंदा. पिकअप ऑटोमॅटिक होती, क्लच नाही. मुलाच्या हौसेनं घेतली. मुलगा पुण्याला गेला आणि गाडी ट्रॉलीवरचा जनरेटर ओढायच्या कामाला लागली. राजकुमारनं सुटीच्या दिवशी मैदानात नेऊन करुणाला हीच गाडी शिकवली होती. लायसन्सही काढून दिलं होतं, तेव्हा नुसती हौस म्हणून.

काकासाहेब भेटायला आले, चहा प्यायले. मग म्हणाले, "दुसरा ड्रायव्हर बघू, का तू बसतीस?"

"बसते," करुणा म्हणाली. का म्हणाली, ते तिलाही सांगता आलं नसतं.

पहिल्या दिवशी सीट पुढं ओढावी लागली. आत अजून त्याच्या डोक्याच्या तेलाचा वास होता. तिनं काच खाली केली आणि निघाली. काम जमत गेलं. करमाड, शेंद्रा, चितेगाव, जिथं सांगतील तिथं ती जनरेटर नेऊन लावायची. लोक वळून बघायचे. बघतात हे तिला कळायचं, पण त्याचं पुढं काही व्हायचं नाही. जेवण पोटात जायचं, झोप लागायची. सकाळ झाली की उठायचं.

स्टिअरिंगच्या खाली एक छोटा मीटर चिकटवलेला होता. त्यावरचा आकडा सारखा बदलायचा. एसीचं काहीतरी असेल असं तिला वाटायचं. डिझेल भरताना मोंढा नाक्याचा मेकॅनिक वाजिदभाई भेटला, तेव्हा तिनं विचारलं.

"भाभी, ये गिअरबॉक्स के तेल की गर्मी है," तो म्हणाला. "राजकुमारभाई बोले तो मैंच लगाया. जनरेटर भारी है ना. नव्वद तक आराम से चलाओ. एक सौ दस के ऊपर गया तो ध्यान देव. एक सौ बीस हुआ तो बाजू को लेके खड़ी करो. पर इंजन बंद नक्को करो. चालू रहा तो तेल फिरता, ठंडा होता."

त्या दिवसापासून ती आकडा बघायला लागली. दिवसभरात नीट लक्ष देऊन बघावी अशी तेवढी एकच गोष्ट तिच्याकडं होती.

मे महिन्यात फुलंब्रीच्या पलीकडून काकासाहेबांना फोन आला. त्यांच्या नात्यातल्या कडूबाईंचं तिथं कोंबड्यांचं शेड आहे. ट्रान्सफॉर्मर जळाला होता, पंखे बंद पडले होते आणि ऊन मी म्हणत होतं. काकासाहेबांनी लगेच करुणाला पाठवलं.

हर्सूल, सावंगी मागं पडलं. चौक्याच्या घाटात पुढं एक भरलेला ट्रक रांगत होता. ओव्हरटेक करायला जागा नाही. त्याच्या मागं मागं पिकअपही रांगायला लागली आणि आकडा चढायला लागला. शंभर. एकशे बारा. गाडी गिअर टाकताना अडखळली, आवाज वाढला, पण ओढ वाढेना. एकशे चोवीस. जरा रुंद जागा दिसली तशी करुणानं गाडी कडेला घेतली, पार्किंगवर टाकली आणि इंजन चालूच ठेवलं. उतरून चाकांना दगड लावले.

काकासाहेबांचा फोन आला. "कुठं पोचलीस?"

"घाटात थांबलेय. गिअरचं तेल लई तापलंय."

"अगं, तिकडं कोंबड्या पटापट मरायल्यात. हळूहळू चढव."

"वर जायच्या आधीच गिअरबॉक्स गेला तर जनरेटर इथंच राहील."

"मालक कोण, तू का मी?"

"तुम्हीच. नव्वदवर आलं की निघते." तिनं फोन ठेवला.

शेजारून गाड्या वर चढत होत्या. आकडा एकेकानं उतरत होता, मध्येच थबकत होता. तिकडं जीव मरताहेत हे तिला ठाऊक होतं. आपल्याला घाबरायला पाहिजे, निदान वाईट तरी वाटायला पाहिजे, असं तिच्या मनात आलं. तिनं आत शोधून पाहिलं. काही सापडलं नाही. नव्वद झाल्यावर तिनं दगड काढले, खालच्या गिअरमध्येच गाडी ठेवली आणि घाट चढली.

शेडवर पोचली तेव्हा मेलेल्या कोंबड्यांचा दाराशी ढीग लागला होता. माणसांनी जनरेटर जोडला, पंखे फिरायला लागले. कडूबाई, साठीच्या, पदर खोचून आत-बाहेर करत होत्या. करुणानं एक पोतं घेतलं आणि त्यांच्यासोबत मेलेली पाखरं भरायला लागली. पाखरं अजून गरम होती.

"उशीर झाला," करुणा म्हणाली.

"व्हय, झाला," कडूबाई म्हणाल्या. "मधीच थांबलीस म्हणं?"

"थांबले. तेल तापलं होतं."

"मला त्यातलं काय कळत नाय. थांबली नसतीस तर आणखी वाचल्या असत्या का?"

"वाचल्या असत्या. नायतर गाडीच आली नसती. आता कसं सांगू?"

कडूबाईंनी हातातली कोंबडी पोत्यात टाकली. "मग राहू दे," म्हणाल्या, आणि पोत्याचं तोंड धरून उभ्या राहिल्या. अर्ध्याच्या वर पाखरं गेली होती.

दुसऱ्या दिवशी गाडी वाजिदभाईच्या गॅरेजमध्ये गेली. काकासाहेब स्वतः आले आणि प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसले. गाडी खाली उतरून काम करायच्या खड्ड्यावर सपाट उभी केली. इंजन चालू ठेवून, ब्रेक दाबून करुणानं दांडा एकेका गिअरवर नेला आणि परत पार्किंगवर आणला.

"तेल ठंडा रहा तो बैठता, गरम हुआ तो फूलता," वाजिदभाई खालून म्हणाला. "गर्मी देखे बगैर लेवल देखे तो धोका." ठरलेल्या आकड्यावर तेल आलं तसा त्यानं गिअरबॉक्सचा बोल्ट काढला. तेल पुरेसं असलं तर त्या भोकातून बारीक ठिबकायला पाहिजे. काहीच आलं नाही.

काकासाहेब उठून वाकून बघायला आले. वाजिदभाईनं बॅटरीच्या उजेडात तेलाच्या पाइपचा जोड दाखवला. तिथं ओल होती आणि ओलीवर धूळ बसली होती. त्यानं जोड नीट बसवला, पंपानं तेल भरत गेला. शेवटी भोकातून थेंब पडायला लागले, तेव्हा बोल्ट आवळला.

"थोडा और खींचते तो अंदर की प्लेटां जल जाते," तो म्हणाला. काकासाहेबांनी बिल किती झालं ते विचारलं. घाटातल्या फोनबद्दल ते नंतरही कधी बोलले नाहीत.

हात पुसताना वाजिदभाई हळू आवाजात म्हणाला, "राजकुमारभाई को बोला था मैं, जोड़ से तेल रिस रहा करके. अगले हफ्ते गाड़ी लाता बोले. फिर वो हफ्ता आयाच नहीं."

करुणा घरी आली. मोनाली, तिची नर्सिंगला असलेली मुलगी, गॅसपाशी पोहे परतत होती.

"तुझ्या पप्पाला ठाऊक होतं," करुणा म्हणाली. "तेल गळतंय ते ठाऊक होतं. मला एका शब्दानं बोलला नाय."

"आई, पप्पांना काय माहीत, पुढं तू चालवणार म्हणून."

"तरी सांगायचं."

"अगं पण..."

"तरी सांगायचं ना. बायको हाय घरात. सांगायचं." तिचा आवाज चढला होता. इतक्या दिवसांत तो पहिल्यांदाच चढला होता. तिनं भिंतीला हात टेकला आणि खाली बसली. रडण्याचा कढ आला, मध्येच अडला, पुन्हा थोडा आला.

मोनालीनं गॅस बंद केला आणि तिच्याशेजारी फरशीवर येऊन बसली.