खडक दाखवणारा किल्लाक

वर्षातून एकदा, बर्फ फुटल्यावर, मालाचं जहाज आर्क्टिकमधल्या त्या गावासमोरच्या खाडीत नांगर टाकायचं. धक्का नव्हताच. माल तराफ्यावर उतरवायचा आणि छोट्या बोटीने किनाऱ्याला ओढून आणायचा. त्या बोटीच्या नाळेवर, अगदी पुढच्या टोकाला, वाट दाखवायला उभा राही तो किल्लाक. पाण्याखालचा खडक न् खडक त्याला ठाऊक, असं गाव म्हणे.

पण दोन हिवाळे त्याच्या डोळ्यांपुढे धुकं साचत होतं. त्याने ते बायकोला, सीपोरालाही कळू दिलं नव्हतं. त्या उन्हाळ्यातही तो ताठ मानेने नाळेवर उभा राहिला आणि नुसत्या अंदाजाने डावीकडे हात केला. तराफा खडकावर चढला, कलंडला. पिठाची पोती, किराणा, म्हाताऱ्या उलायुकची तेलावरची नवी शेगडी, सगळं बघता बघता पाण्यात गेलं.

किनाऱ्यावर कप्तानाने बोट चालवणाऱ्या खलाशाला, दक्षिणेकडून आलेल्या ग्रेगवारला, साऱ्या गावादेखत फैलावर घेतलं. ग्रेगवारची ती पहिलीच फेरी. त्याने एकदा किल्लाककडे पाहिलं. किल्लाक खाली वाकून बुटाचे बंद आवळत बसला.

दुसऱ्या दिवशी उलायुक सीलचं मांस घेऊन आली.

"खा रे. त्या दक्षिणेकडच्याला बोट हाकता येत नाही, त्याला तू काय करणार? माझी जुनी शेगडी अजून धूर ओकते, म्हणजे जिवंत आहे."

सीपोरा हसली. किल्लाकने हातातलं मांस खाली ठेवलं. तो उठला आणि भिंतीवरच्या वायरलेसचा माइक हातात घेतला. वायरलेस घरोघरी दिवसभर चालू असे, जहाजावरही.

"किल्लाक बोलतोय. ग्रेगवारची चूक नाही. मला दिसत नाही. मी लपवलं."

मग तेच मोडक्यातोडक्या इंग्रजीत. कप्तानाने कोरडेपणाने आभार मानले. उलायुक उठून निघून गेली.

"मला तरी सांगायचंस," सीपोरा म्हणाली.

हिवाळ्यात शहरात त्याच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं, बरंचसं दिसू लागलं. जहाज पुन्हा आलं तेव्हा लोक म्हणाले, चढ आता बोटीवर. तो चढला नाही. बायकांबरोबर खोकी वाहत राहिला आणि येणाऱ्या प्रत्येक खलाशाला ग्रेगवारबद्दल विचारत राहिला. ग्रेगवार दुसऱ्या जहाजावर गेला की त्याला काढून टाकलं, हे कुणालाच नक्की सांगता आलं नाही.