तांबडी रेघ

अ‍ॅम्युनिशन डेपोत बावीस वर्षं काढली. तिथला पहिला धडा एकच: आधी खुणा वाचा, मग हात लावा. ब्रिटिशांच्या जुन्या तोफगोळ्यावर बाणाचा ठसा म्हणजे सरकारी माल. नाकाजवळ, म्हणजे निमुळत्या टोकाशी, तांबडी रेघ म्हणजे गोळा स्फोटकानं भरलेला. रंग कितीही जुना असो, रेघ खोटं बोलत नाही.

लान्स नायक रामकिसन माझ्याच गावचा, युसूफ वडगावचा, आणि माझ्याच सेक्शनमधला. एका गोळ्याची रेघ गंजानं खाल्ली होती. कागदावर लिहिलं होतं, 'रिकामा'. रामकिसननं कागदावर विश्वास ठेवला. मी चाळीस पावलांवर होतो.

यंदा गावानं त्याचा स्मृतिस्तंभ बांधला. वर बसवायला ग्रामपंचायतीसमोरचा जुना तोफगोळा निवडला. दर सव्वीस जानेवारीला त्याला चंदेरी रंग फासायचे. रिटायर होऊन आल्यावर मीही त्याला टेकून चहा प्यायलोय. त्याची लाज अजून वाटते.

अनावरणाच्या आदल्या दिवशी, सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी, रफिकभाई वेल्डर गोळ्याला लोखंडी पट्टी जोडायला बसले. नाकाजवळ चंदेरी रंगाचा एक पोपडा उडाला होता. खाली तांबडी रेघ दिसली.

"रफिकभाई, मशीन बंद."

"कावून, हवालदारसाब?"

"गोळा भरलेला हाय."

त्यांनी वायर काढली आणि मागं सरले. सरपंच मात्र तावातावानं आले.

"लई वर्सं पडून हाय तो. काय झालं का कुणाला? उद्या आमदार यायलेत."

"येऊ द्या. गोळा हलणार न्हाई."

"तुमी गावाचा कार्यक्रम नासवायले."

"नासू द्या."

लोकांना शाळेपलीकडं हटवलं, पोलिसांना फोन केला आणि रस्त्यात खुर्ची टाकून बसलो. सरपंचांची माणसं शिव्या देऊन गेली. मी उठलो नाही. एक माणूस कागदापायी गेला होता. दुसरा रंगापायी जाऊ देणार नव्हतो.

चार वाजता बॉम्बशोधक पथक आलं. अधिकाऱ्यानं तपासून एवढंच सांगितलं, "भरलेला आहे, काका." वाळूच्या पोत्यांत ठेवून गोळा नेला. सरपंच माझ्याकडं न बघता घरी गेले.

स्तंभाचं अनावरण गोळ्याविनाच झालं. मंडळी पांगल्यावर रफिकभाईंकडून तांबडा रंग आणला, शिडी लावली आणि स्तंभाच्या टोकाशी गोल रेघ ओढली. सरपंच खालून बघत होते.

"हे कावून, हवालदार?"

"कुणी रिकामा दगड समजू न्हाई म्हणून. आत रामकिसन हाय."