नखाखालचं हिरवं

सरकारी बांधकाम खात्यानं अक्कलकोट रस्त्यावर कडुनिंबाची साठ रोपं लावली आणि त्यांना राखणदार म्हणून धुळाप्पाला नेमलं, तेव्हा वाडी पोट धरून हसली. जन्मभर शेरडं चारलेला माणूस झाडं राखणार! चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या म्हणायच्या त्या ह्याच. पण धुळाप्पानं रोपांभोवती बाभळीचे काटे रचले, लांबच्या विहिरीवरून कावडीनं पाणी आणलं, स्वतःच्याच शेळ्यांना दगड मारून पिटाळलं. बायको केराबाई म्हणायची, "पोटच्या लेकरास्नी बी एवढं जपलं न्हाई तुमी."

आभाळ तेव्हाच बिघडत चाललं होतं. मिरगाचा पाऊस मिरगाला येईना, आणि बहात्तर साली तर आलाच नाही. विहीर आटली. रोपांनी एकेक करून पानं टाकली, आणि पुढच्या उन्हाळ्यात रस्त्याकडेला नुसत्या साठ काड्या उरल्या.

खात्याचा मुकादम सायकलवरून न उतरताच म्हणाला, "मेली ती. उपटून टाक, पावसाला नवी लावू."

धुळाप्पानं रडत रडत उपटली. मुळं तटातटा तुटत होती, तरी त्या बापड्याला उमज पडला नाही. एकोणसाठ झाली. साठावं काही केल्या निघेना. ओढता ओढता त्याचं नख सालीत रुतलं आणि खाली हिरवं दिसलं.

तो धावत ढिगाकडं गेला आणि एकेक काडी खरवडत सुटला. सगळ्या आतून हिरव्या होत्या. पानं टाकून, मुळं खोल घालून ती पोरं गुमान पावसाची वाट बघत होती, आणि ह्यानं ती जिवंतपणी उपटली होती. प्यायचं पाणी ओतून त्यानं पुन्हा लावली, पण एकही जगलं नाही. पाऊस आला तेव्हा साठावं तेवढं फुटलं.

चार वर्षांत त्याच्या सावलीला गाड्या थांबायला लागल्या. धुळाप्पा तिथं कधी टेकला नाही. दुपारी एकटा बसला की मुळांची ती तटतट त्याच्या कानात वाजायची. वाळकी काडी दिसली की नख आपसूक चालायचं. कुंपणाच्या मेखासुद्धा खरवडायचा. लोक म्हणायचे, झपाटलंय म्हाताऱ्याला. खोटं नव्हतं ते.

अठ्ठ्याहत्तरच्या वैशाखात केराबाई तापानं गेली. खांदेकरी तिला उचलायला वाकले, तसा धुळाप्पा आडवा आला.

"थांबा की जरा," तो म्हणाला. "मागं लई घाई केली म्या."

त्यानं तिचा हात मांडीवर घेतला आणि मनगटावर हळूच नख ओढलं. मग पुन्हा ओढलं. खांदेकरी तिथंच खाली बसले.