दगड पळून जात नाही

वैरागडेकाका दगड चाटत असत. आमची ओळखच त्यातून झाली. जबलपूरच्या संरक्षण कारखान्यात, प्रयोगशाळेत रसायनतज्ज्ञ म्हणून मी नुकतीच रुजू झाले होते. मधल्या सुट्टीत एक उंच, किंचित पोक आलेले गृहस्थ आत आले. त्यांनी खिशातून राखाडी तुकडा काढला, शांतपणे जिभेला टेकवला आणि मग तोच माझ्यापुढे धरला.

"लावून पाह. साधा दगड सुटून येते, हाड चिकटते."

मी तो हातात घेतला नाही. पदार्थ सच्छिद्र असला तर ओलावा शोषतो, म्हणून चिकटत असेल, एवढेच म्हणाले. काका इतके खूश झाले की त्यांनी तुकडा माझ्या टेबलावरच ठेवला. "अच्छा! म्हणजे चिकटते ते मला माहीत, अन् काहून चिकटते ते तुला. चलो, जोडी जमली!"

ते ड्रॉइंग ऑफिसमध्ये नक्षे काढत. दिवसभर तेच ते सुटे भाग, त्याच त्या रेषा. त्यांचे खरे काम कारखान्यामागच्या टेकडीवर होते. माणूस जन्मण्याच्या कितीतरी आधीच्या महाकाय सरड्यांची हाडे त्या टेकडीच्या मऊ, हिरवट थरांत सापडतात. अशाच एका ओघळीच्या काठाला काकांना मांडीचे हाड दिसले होते, अजून जमिनीतच रुतलेले. दर रविवारी गढ्याच्या आपल्या घरून सायकल दामटत ते तिथे जात, चांभाराच्या आरीने आणि रंगाच्या ब्रशने थोडी माती दूर करत आणि निघताना पोते व चिखल घालून सगळे पुन्हा झाकून ठेवत.

एवढे मोठे हाड रविवारच्या तुकड्यातुकड्यांत उचलता येत नाही, असे त्यांचे ठाम मत होते. त्याला सलग दिवस हवेत, तागाचे कापड हवे, प्लॅस्टर हवे. म्हणून निवृत्तीनंतर ते अखंड बाहेर काढायचे आणि मग जाणकारांना दाखवायचे, असा बेत होता. आत्ताच कोणाला का बोलावत नाही, असे विचारले की उत्तर ठरलेले असे: "घाई काहून करून राहिली? दगड कुठे पळून जाऊन राहिला?"

त्यांचे सगळेच अंदाज खरे ठरत, असे मुळीच नाही. एकदा त्यांनी सरड्याचे अंडे म्हणून एक गोळा आणला. मी तो आडवा कापला, आम्ल टाकले. आत ना कवच, ना थर. चुनखडीची साधी गाठ होती. काका म्हणाले, "तुझं ॲसिड जुनं असन." पुढे ते अंडे त्यांच्या घरी देवळीत विराजमान झाले. काकू पाहुण्यांना सांगत, "टेकडीवरच संसार मांडायचा होता, तं मला काहून आणलं कोण जाणे!"

मला डॉक्टरेट करायची होती. संध्याकाळी क्वार्टरवर मी त्याच तयारीत असे. काकांनी मला आधीच 'डॉक्टरीण' करून टाकले होते. पोटासाठी सहा दिवस आणि आपल्यासाठी सातवा, हा त्यांचा हिशेब मला निर्दोष वाटे. नोकरी न सोडता माणूस मनाजोगते जगू शकतो, याचा काका म्हणजे चालताबोलता पुरावा होते.

मग बांगलादेशच्या लढाईचे वर्ष उजाडले. आधी रविवारची सुट्टी गेली. पाठोपाठ टेकडीवर पहारा बसला आणि तिकडे जाणे सर्वांनाच बंद झाले. काकांची निवृत्ती दिवाळीत होती. लढाईच्या कामासाठी तिलाही मुदतवाढ मिळाली. लोकांनी अभिनंदन केले, काकांनी पेढे वाटले. ड्रॉइंग ऑफिसच्या खिडकीतून टेकडी समोर दिसते. दुसऱ्या दिवशी काकांनी आपले टेबल फिरवून खिडकीकडे पाठ केली.

हवाई हल्ल्याच्या भीतीने कारखान्याभोवती खंदक खणायचे ठरले. प्रथमोपचार पथकात नाव असल्याने मीही त्या सकाळी मागच्या फाटकापाशी हजर होते. साहेबांनी काकांना बोलावून घेतले होते.

"वैरागडेजी, सुना है आप इस पहाड़ी का चप्पा-चप्पा जानते हैं। बताइए, कहाँ खोदें? शाम तक हो जाना चाहिए।"

इतक्या वर्षांत कारखान्याने त्यांच्या त्या विद्येची केलेली ही पहिलीच विचारपूस. डाव्या अंगाला कठीण चुनखडक होता. तिथे कुदळ नुसती उसळून येत होती. उजव्या अंगाला ओघळीचा मऊ थर होता. काकांनी डावीकडे बोट दाखवले असते तरी कोणाला कळले नसते. फक्त मला कळले असते, आणि मी बोलले नसते.

"यहाँ," ते ओघळीकडे पाहत म्हणाले. "यहाँ नरम है।"

"काका!" मी मराठीत म्हणाले. "तिथं तर तुमचं..."

"चूप राह. भोंगा वाजला तं लोकं कुठे बसतीन? माझ्या डोक्यावर?"

मजूर खणू लागले. दुपारी एका कुदळीचा आवाज बदलला. मजूर वाकून पाहू लागला; त्याला ते झाडाचे मूळ वाटले. "बाबूजी, जड़ निकली है कोई, बहुत मोटी।"

काका काठावर उभे होते. त्यांनी खाली पाहिले.

"हाँ, जड़ ही है," ते म्हणाले. "काट दो।"

भोंगा दोन-तीनदा वाजला, माणसे त्या खंदकात बसली आणि उठून कामावर गेली. जबलपूरवर एकही बॉम्ब पडला नाही. लढाई पंधरवड्यात संपली, पुढे टेकडीवरचा पहाराही उठला. काका मात्र तिकडे फिरकले नाहीत. रविवारी ते घरात बसून काकूंना मेथी निवडू लागत आणि काकूंना ते अजिबात आवडत नसे. "जा नं जरा टेकडीवर," त्या म्हणत. "दिवसभर डोळ्यासमोर बसून राहिले!"

अशाच एका रविवारी मी गढ्याला गेले. विद्यापीठातून मला संशोधनासाठी बोलावणे आले होते. माझ्या घरी सगळ्यांचे एकच म्हणणे होते, पक्की सरकारी नोकरी सोडू नको. मी तोडगा काढला होता: वर्षभर थांबायचे, नोकरी सांभाळून वाचन चालू ठेवायचे. काकांना हे पटेल, याविषयी मला शंका नव्हती.

"विषय कुठे जातोय?" मी म्हणाले. "तुम्हीच म्हणता ना, दगड पळून जात नाही."

काकांनी मेथीची जुडी खाली ठेवली.

"जाते, पोरी," ते म्हणाले. "मी इथंच बसून होतो, अन् तो गेला."

दुसऱ्या दिवशी मी राजीनामा दिला. तो परत आला. लढाई संपली असली तरी तिच्यासाठी पुकारलेली आणीबाणी उठलेली नाही आणि अत्यावश्यक सेवेतल्या तज्ज्ञाला सोडता येत नाही, असे त्यावर लिहिले होते. मी पुन्हा दिला. काका तोवर निवृत्त झाले होते, तरी सुट्टीच्या वेळी फाटकाशी सायकल धरून उभे राहत आणि लांबूनच विचारत, "काय डॉक्टरीण, दिला?" दिला म्हटले की मान हलवून सायकलवर टांग मारत.

तिसऱ्यांदा राजीनामा परत आला त्याच आठवड्यात काका गेले. छातीत कळ आली आणि दवाखान्यात नेईपर्यंत सगळे आटोपले. तेरावे झाल्यावर काकूंनी एक राखाडी तुकडा माझ्या हातात ठेवला. एक कड ताजी फुटलेली होती. खंदकाच्या मातीतून काकांनी त्या दिवशी तेवढाच उचलून आणला होता. "अंडं मी ठेवून घेते," काकू म्हणाल्या. "ते खोटं आहे म्हणतात, पण आता सवय झाली."

विद्यापीठातली माझी जागा अजून राखून ठेवलेली आहे. किती दिवस ठेवतील, सांगता येत नाही. आज मधल्या सुट्टीत प्रयोगशाळेचे दार लोटून मी तो तुकडा पहिल्यांदा जिभेला लावला. चिकटला. तो सोडवून टेबलावर ठेवला आणि राजीनाम्याचा चौथा अर्ज लिहायला घेतला.