उदास म्हणजे लांब बसलेला

पहिल्यांदा जर्मनीला निघाले तेव्हा शाहूपुरीच्या कोपऱ्यावरून रिक्षा परत फिरवावी लागली. चार्जर विसरला होता. आई दारातूनच ओरडली, "आता तशीच पळू नको! टेक जरा, पाणी पी, मगच नीघ." अर्ध्या वाटेतून परतलेल्या माणसानं बसल्याशिवाय पुन्हा निघायचं नाही, हा आमच्याकडचा नियम. मी टेकले, आई शेजारी बसली. माझे वडील, आबा, मात्र लांब, जिन्याच्या पायरीवर पाठ करून बसलेले. मला वाटलं, रागावलेत.

इकडे जर्मनीत दर रविवारी मी आपल्या पोरांना मराठी शिकवते. परवा एका मुलीनं विचारलं, "ताई, उदास म्हणजे काय?" 'सॅड' म्हणून मोकळी झाले असते, पण खोड कुठं जाते? शब्दकोश उघडला. शब्द संस्कृतातला. उद् म्हणजे वर, बाजूला. आस् म्हणजे बसणं. उदास, म्हणजे बाकीच्यांपासून वेगळा होऊन बसलेला. रडणंबिडणं त्यात कुठंच नाही. मला तो जिना दिसला आणि पोरांसमोरच डोळे भरून आले. आबा रागावले नव्हते हो.

गेल्या वर्षी आई गेली. फोनवर आबांचा आवाज खणखणीत, "मला काय धाड भरलीया? मजेत हाय की!" शेजारच्या काकू सांगतात, कट्ट्यावर सगळी म्हातारी एकीकडं आणि तुझे आबा दुसऱ्या टोकाला. आणि मी? ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये खिडकीकडं तोंड करून एकटी डबा खाते. बापाचीच लेक.

यंदा सुट्टी संपवून निघाले, तेव्हा आबांनी पायरीवरूनच हात हलवला. रिक्षा कोपऱ्यावर पोचते न पोचते तोच त्यांचा फोन. "अगं, चटणीची बरणी हितंच ऱ्हायली की! ये माघारी." बरणी मी स्वतः बॅगेत ठेवली होती, पिशवीवर पिशवी गुंडाळून. तरी रिक्षा फिरवली.

आबा आईच्या जागेवर बसले होते. पुढ्यात भरलेला तांब्या, मांडीवर बरणी. बॅगेतून कधी काढली, देव जाणे.

"टेक जरा," ते सरकून म्हणाले. "पाणी पी. मग जा."

मी बसले. बाहेर रिक्षावाला हॉर्न वाजवायला लागला.

"वाजवू दे त्येला," आबा म्हणाले.

गाव सोडलेल्या माझ्या माणसांनो, घर कुठं राहिलं म्हणून फार शोधू नका. आपण माघारी आलो की सरकून जागा देणारं कुणी आहे का, तेवढं बघा. मला अजून एक आहे.